चिखलातील चाकोरी आणि स्नेहाची चढाओढ

स्पर्धा या शब्दाकडे आपल्या घरांतून थोड्याशा संकोचानेच पाहिले जाते. एकाच घरात वाढणारे दोन चुलतभाऊ एकाच वर्गात असले, म्हणजे परीक्षेचा निकाल लागण्याच्या दिवशी माजघरात कशी चमत्कारिक शांतता पसरते, हे आमच्या वाचकांस विस्ताराने सांगावयास नको. जो पुढे गेला त्याला आनंद मोकळेपणाने मानता येत नाही. जो मागे राहिला त्याला दुःख मोकळेपणाने दाखविता येत नाही. आणि वडील मंडळी दोघांच्याही पाठीवरून सारखाच हात फिरवून विषय बदलतात. या वागणुकीच्या मुळाशी एक समजूत आहे. ती अशी की, परक्याशी झुंजताना माणसाने सर्व बळ खर्चावे, पण आपल्या माणसाशी झुंजण्याची वेळ आली तर हात राखावा. नाहीतर स्नेहाला तडा जावयाचा.

ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार करण्यास जपानात २०२१ साली झालेली एक सायकलची शर्यत फार उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते. ही शर्यत स्त्रियांची होती, डोंगरातील होती, आणि पावसाने झालेल्या चिखलात होती. तीत पहिल्या तीन आल्या त्या तिघी एकाच छोट्या देशातल्या, एकाच राष्ट्रीय संघातल्या, एकमेकींस वर्षानुवर्षे ओळखणाऱ्या. त्यांनी एकमेकींसाठी हात राखला काय? आणि राखला नसेल तर त्यांच्या स्नेहाचे काय झाले? या दोन प्रश्नांकडे वळण्यापूर्वी हा खेळ काय आहे ते थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण सायकल म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर पेठेतील रस्ता आणि कचेरीची वेळ उभी राहते, डोंगर उभा राहत नाही.

डोंगरी सायकलीचा हा खेळ मुळात मित्रामित्रांच्या चढाओढीतूनच जन्मला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस मरीन नावाचा परगणा आहे. तेथील काही तरुणांना १९७० नंतरच्या वर्षांत एक विलक्षण नाद लागला. जाड टायरांच्या, मोडीत निघालेल्या जुन्या जड सायकली जमवावयाच्या, त्या डोंगरावर न्यावयाच्या, आणि कच्च्या वाटेने भरधाव खाली सोडावयाच्या. आपल्यात सर्वांत वेगवान कोण, हा वाद बोलण्याने मिटेना, तेव्हा २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळील एका उतारावर त्यांनी रीतसर शर्यत लावली. वाट सुमारे दोन मैलांची, आणि तेवढ्यात उतार सुमारे १३०० फुटांचा. एकेकाने ठराविक अंतराने निघावयाचे आणि घड्याळाने वेळ मोजावयाची, असा क्रम होता. ती पहिली शर्यत ॲलन बाँड्स याने जिंकली. कारण वाटेत न पडलेला असा तो एकटाच होता!

या उतारास ‘रिपॅक’ असे नाव पडले, त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. त्या जुन्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यातच असे. उतारभर तो दाबून धरावा लागल्याने तुंबा इतका तापे की आतील वंगण जळून धूर होऊन जाई, आणि खाली पोहोचल्यावर तुंबा उघडून त्यात नवे वंगण भरावे लागे. पुन्हा भरणे, म्हणून ‘रिपॅक’. या उतारावरील सर्वांत जलद वेळ गॅरी फिशर याच्या नावावर नोंदली गेली. ती ४ मिनिटे २२ सेकंदांची. त्याच्या मागोमाग जो ब्रीझ याची वेळ ४ मिनिटे २४ सेकंद. अवघ्या दोन सेकंदांचा फरक! पुढे १९७७ साली ब्रीझ याने डोंगरासाठीच म्हणून सायकलीचा नवा सांगाडा आपल्या हातांनी बांधला. फिशर याने १९७९ साली चार्ली केली या मित्रासह अशा सायकली विकण्याचा धंदा काढला. उतारावरचे प्रतिस्पर्धी पेठेतही प्रतिस्पर्धी झाले. पण एकाच्या सायकलीत जी सुधारणा दिसे तिने दुसऱ्याचीही सायकल सुधारे, आणि अशा रीतीने थोड्याच वर्षांत एक नवा खेळ आणि एक नवा धंदा उभा राहिला. १९९० साली अमेरिकेतील दुरँगो गावी आंतरराष्ट्रीय सायकल महामंडळाची पहिली जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा झाली, आणि १९९६ साली अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत या खेळास स्थान मिळाले. विशेष हे की, पुरुषांची आणि स्त्रियांची अशा दोन्ही शर्यती तेथे पहिल्याच वर्षापासून होत्या.

आता चिखलाविषयी. कोरड्या वाटेवर सायकलीचे चाक जमिनीवरून फिरते. चिखलात ते जमिनीत शिरते. पावसाळ्यात मुरमाड वाट सोडून काळ्या रानात बैलगाडी घालणाऱ्यास हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. डोंगरी सायकलीच्या टायरांवर रबराचे ठळक उंचवटे असतात. ते मातीत रुतून पकड घेतात. चिकट माती या उंचवट्यांच्या मधल्या फटीत भरली, म्हणजे टायर गुळगुळीत होऊन बसते आणि पकड सुटते. म्हणून चिखलासाठी उंचवटे विरळ ठेवतात, म्हणजे चाक फिरता फिरता माती झटकली जाते. हवाही थोडी कमी भरतात, म्हणजे टायर पसरून जमिनीला अधिक चिकटते. तरीही माती सांगाड्यात अडकते, साखळीत जाते, दाते बदलण्याच्या यंत्रात शिरते. आणि हलकी म्हणून मुद्दाम बांधलेली सायकल दर फेऱ्यागणिक जड होत जाते. जुन्या पद्धतीचे ब्रेक चाकाच्या कडेवर घासत, त्यामुळे चिखलात त्यांचा नेम राहत नसे. हल्लीच्या ब्रेकची चकती चाकाच्या मध्याजवळ, म्हणजे चिखलापासून जरा उंचावर असते, हा त्यातल्या त्यात दिलासा.

परंतु यंत्राहून अधिक कस लागतो तो डोक्याचा. भिजलेले झाडाचे मूळ तिरकस ओलांडू गेल्यास चाक निसटलेच म्हणून समजावे. ते काटकोनातच ओलांडले पाहिजे, आणि त्या क्षणी पुढचा ब्रेक दाबता कामा नये. कोठे सायकलीवर बसून राहावयाचे आणि कोठे उतरून ती ढकलीत किंवा खांद्यावर घेऊन धावावयाचे, हे क्षणात ठरवावे लागते. नुसत्या मांड्यांच्या जोरावर हा प्रश्न सुटत नाही.

येथे चिखलाचा आणखी एक धर्म सांगितला पाहिजे, आणि आमच्या विषयाशी त्याचा अगदी जवळचा संबंध आहे. चिखलातून जो पुढे जातो तो आपल्या मागे चाकोरी सोडून जातो. मागून येणाऱ्याला त्या चाकोरीत पुढच्याचा सारा अनुभव वाचावयास मिळतो. येथे चाक खोल गेले, येथे ते घसरून बाजूला सरकले, येथे त्याने उतरून पावले टाकली! म्हणजे पुढे असलेला प्रतिस्पर्धी, त्याची इच्छा असो वा नसो, मागच्याचा गुरू होतो. आणि मागचाही काही फुकट शिकत नाही. त्याच्या चाकांनी ती चाकोरी अधिक खोल होते, आणि पुढच्या फेऱ्याला पहिल्याला तीच वाट नव्याने शोधावी लागते. सर्वजण मिळून ती वाट घडवितात आणि सर्वजण मिळून ती बिघडवितात.

आता त्या शर्यतीकडे वळू. टोकियोचे ऑलिंपिक सामने २०२० साली व्हावयाचे ते महामारीमुळे एक वर्ष लांबले. डोंगरी सायकलीच्या शर्यती टोकियोच्या नैर्ऋत्येस इझू द्वीपकल्पातील टेकड्यांवर आखलेल्या वाटेवर झाल्या. २६ जुलै २०२१ रोजी पुरुषांची शर्यत कोरड्या वाटेवर झाली. त्यानंतर पाऊस कोसळला, आणि २७ जुलैला स्त्रियांची शर्यत सुरू होण्याच्या वेळी आदल्या दिवशीची वाट ओळखू येऊ नये अशी झाली होती. धूळ होती तेथे राड झाली, आणि खडकांवर ओल्या मातीचा लेप बसला. ज्या वाटेचा कित्येक दिवस सराव केला ती वाट ऐनवेळी दुसरीच निघावी, यासारखा कठीण प्रसंग खेळाडूवर दुसरा नाही. सुरुवातीचा एक लहान वळसा आणि मग चारएक किलोमीटरांचे पाच फेरे, असे एकंदर सुमारे साडेवीस किलोमीटर अंतर ३८ स्पर्धकांना तोडावयाचे होते.

शर्यतीपूर्वी जाणत्यांच्या तोंडी दोन फ्रेंच नावे होती. पॉलिन फेरां-प्रेव्हो ही २०१९ आणि २०२० अशा लागोपाठ दोन वर्षांची जागतिक विजेती. आणि लोआना लेकोंत ही एकवीस वर्षांची मुलगी त्या वर्षी तोवर झालेल्या विश्वचषकाच्या चारही शर्यती जिंकून आली होती. स्वित्झर्लंडच्या तिघी होत्या योलांडा नेफ, सीना फ्राय आणि लिंडा इंडरगांड. नेफ ही २०१७ सालची जागतिक विजेती खरी. पण २०१९ च्या डिसेंबरात अमेरिकेत सराव करताना ती अशी पडली की तिची प्लीहा फाटली, बरगडी मोडली आणि फुप्फुसास इजा झाली. त्यातून ती सावरते तोच ऑलिंपिकला पुरते दोन महिनेही राहिले नसताना, २०२१ च्या जूनमध्ये पुन्हा पडून तिच्या हाताचे हाड मोडले. ज्या हाताने हँडल आवळून धरावयाचे तोच हात!

शर्यत सुरू होताच फेरां-प्रेव्हो आणि नेफ या दोघी पुढे निघाल्या. मग एका ओल्या खडकाळ जागी फेरां-प्रेव्होचे चाक निसटले. तिचा तोल गेला, आणि तेवढ्यात नेफ पुढे झाली. त्यानंतर शेवटपर्यंत ती कोणाच्या हाती लागली नाही. चिखलात एकट्याने पुढे जाणाऱ्यास मोकळी वाट दिसते, पडणाऱ्यांच्या गर्दीत अडकावे लागत नाही; त्याचा तिने पुरता लाभ घेतला. १ तास १५ मिनिटे ४६ सेकंदांत तिने शेवटची रेषा ओलांडली. फेरां-प्रेव्हो दहावी आली आणि लेकोंत सहावी.

चिखलात निसटलेले चाक म्हटले की आपल्या मनात महाभारतातील एका चाकाची आठवण आल्यावाचून राहत नाही. कर्णाच्या रथाचे चाक पृथ्वीने गिळले, तो ते उपसण्यासाठी खाली उतरला, अर्जुनास धर्माची आठवण देऊन थांबण्याची विनंती करू लागला. आणि अर्जुनाने बाण सोडला. या प्रसंगाचा निवाडा आपल्याकडे शतकानुशतके चालू आहे आणि पुढेही चालेल. मग इझू येथे नेफने थांबावयास हवे होते काय? आम्हांस तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण सांगणे अवश्य आहे. कुरुक्षेत्रावर बाणाचे लक्ष्य माणूस होते. इझूच्या टेकडीवर दोघींचेही लक्ष्य वाट हेच होते. नेफने फेरां-प्रेव्होवर मात केली नाही. ज्या खडकावर एकीची पकड सुटली त्याच खडकावर दुसरीने पकड राखली, इतकेच. प्रतिस्पर्ध्यास ढकलणे, त्याची वाट अडविणे, हा अधर्म. पण तो घसरला म्हणून आपण अधिक सावधपणे आणि अधिक वेगाने पुढे जाणे, हा या खेळाचा धर्मच होय. जेथे दोघांच्या मध्ये एक तिसरी, दोघांसही सारखीच कठीण अशी वस्तू असते, तेथे वैराला जागाच राहत नाही. कर्ण आणि अर्जुन यांच्यामध्ये अशी वस्तू नव्हती. होते ते दोन सख्खे भाऊ, आणि त्यांतील एकास ते भावाचे नाते ठाऊकच नव्हते.

परंतु फेरां-प्रेव्हो ही परदेशाची. खरा प्रश्न आहे तो घरातल्या दोघींचा, म्हणजे फ्राय आणि इंडरगांड यांचा. नेफ पुढे निघून गेल्यावर मागे रुप्यासाठी आणि काशासाठी जी झुंज लागली तीत या दोघी एकमेकींसमोरच उभ्या ठाकल्या. वर्षभर तिघीही निरनिराळ्या कंपन्यांच्या संघांतून एकमेकींविरुद्ध शर्यती करीत. ऑलिंपिकमध्ये मात्र अंगावर एकाच देशाचा पोशाख होता. अशा वेळी कोणीही म्हणावे की, दोन्ही पदके आपल्याच घरात येत आहेत, मग एकमेकींना दमवून सोडण्याचे कारण काय? सोबतीने शेवटापर्यंत यावे आणि जी जरा थोरली किंवा जी जरा थकलेली, तिला पुढे जाऊ द्यावे. आपल्याकडील एखाद्या समंजस आजीने हाच सल्ला दिला असता.

तसे झाले नाही. फ्राय नेफच्या मागून १ मिनिट ११ सेकंदांनी आली. इंडरगांड १ मिनिट १९ सेकंदांनी. दोघींत अंतर अवघे आठ सेकंदांचे. सव्वा तासाहून अधिक वेळ चिखलातून झगडल्यावर उरलेले हे आठ सेकंद आम्हांस सोन्याच्या पदकाहूनही अधिक बोलके वाटतात. फ्रायने थांबून मैत्रिणीस पुढे जाऊ दिले असते, तर इंडरगांडच्या गळ्यात रुप्याचे पदक आले असते खरे. पण ते तिचे झाले असते काय? दिलेले पदक आणि मिळविलेले पदक यांतील फरक घेणाऱ्यास जन्मभर बोचत राहतो. दया ही दुबळ्याला दाखवावयाची असते. जी आपल्या बरोबरीची, तिला दया दाखविणे म्हणजे तिचा गौरव नव्हे. तो तिच्या सामर्थ्याविषयीचा अविश्वास होय. उलट, मी तुझ्याशी पुरत्या बळानिशी झुंजले, असे सांगणे हीच बरोबरीच्या स्नेह्याची खरी पूजा. रेषेपलीकडे पोहोचल्यावर चिखलाने माखलेल्या त्या तिघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. हात राखून मिळविलेल्या विजयानंतर अशी मिठी मारता येत नाही. कारण तेथे दोघींच्या मध्ये एक न बोललेला उपकार उभा असतो.

ऑलिंपिकमधील डोंगरी सायकलीच्या शर्यतीत तिन्ही पदके एकाच देशाने नेण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. नियमाप्रमाणे त्या वेळी एका देशास जास्तीत जास्त तीन जागा मिळत. स्वित्झर्लंडच्या तिघी निघाल्या आणि तिघीही पदके घेऊन परतल्या. पण येथे एक कठोर गोष्ट विसरून चालावयाचे नाही. तीन जागा, याचा अर्थ चवथीला जागा नाही. परक्यांशी झुंज लागण्याच्या कित्येक महिने आधी घरातल्या घरातच झुंज झालेली असते, आणि तीत मागे राहिलेल्या मुलीला आपल्या सोबतिणींचा विजय दुरून पाहावा लागतो. पुढे २०२४ साली पॅरिसच्या सामन्यांत तर एका देशास दोनच जागा होत्या. स्नेहाची चढाओढ गोड असते असे आम्ही म्हणत नाही. ती दुखविते. मात्र हे दुःख स्वच्छ असते. त्यात कपटाचा मळ नसतो, म्हणून ते कालांतराने भरून येते.

ते कसे भरून येते याचेही उदाहरण याच शर्यतीत सापडते. इझूच्या खडकावर घसरलेली फेरां-प्रेव्हो तीन वर्षांनी पॅरिसजवळील एलांकूरच्या टेकडीवर पुन्हा उभी राहिली. २८ जुलै २०२४ रोजी तिने तेथील शर्यत जवळजवळ तीन मिनिटांच्या अंतराने जिंकली. आणि २०२५ साली तर रस्त्यावरील सायकलींची स्त्रियांसाठीची फ्रान्सची प्रसिद्ध फेरीही तिने जिंकली. ज्याच्याकडून आपण हरलो त्याच्याविषयी मनात विष साठविले असते तर इतके बळ उरले नसते. पराभवाचा उपयोग दोनच प्रकारांनी होतो. जिंकणाऱ्याचा द्वेष करण्यात किंवा त्याची चाकोरी वाचण्यात.

आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या घरी डोंगरी सायकल असेल, आणि चिखलातून ती हाकण्याची हौस तर त्याहूनही थोड्यांना. परंतु बरोबरीच्या वयाची चार मुले ज्या घरात एकत्र वाढतात, त्या घरात चढाओढ असावयाचीच. ती पोहण्यात असेल, बुद्धिबळात असेल, गाण्याच्या शिकवणीत असेल किंवा गणिताच्या पेपरात असेल. वडिलांनी ती दडपून टाकण्याचा प्रयत्न केला तर ती नाहीशी होत नाही. ती मुकी होते, आणि मुक्या चढाओढीलाच मत्सर म्हणतात. त्यापेक्षा दोघांच्या मध्ये एखादी दोघांसही खरोखर कठीण वाटणारी वस्तू ठेवावी, मग ती टेकडी असो, एखादा राग असो किंवा एखादे प्रमेय असो, आणि दोघांनाही पुरत्या बळाने तिच्याशी झगडू द्यावे. थोरला म्हणून एकास झुकते माप नको आणि धाकटा म्हणून दुसऱ्यास सवलत नको. जो पुढे जाईल त्याला उघडपणे आनंद मानू द्यावा. जो मागे राहील त्याला उघडपणे रडू द्यावे, आणि मग पुढच्याची चाकोरी कोठे खोल गेली होती, कोठे सरकली होती, हे दोघांनाही एकत्र बसून एकमेकांस सांगू द्यावे. चिखल दोघांच्याही अंगावर सारखाच उडालेला असला, म्हणजे एकमेकांस हसण्यास फारसा वेळ लागत नाही.